शाळेला दहापैकी किती? मुलांना घेऊन अमेरिकेत येणाऱ्यांसाठी

मार्च-एप्रिल उजाडला की आमच्याकडे न्यू जर्सीत फोन सुरू होतात. कुणाच्या मावसबहिणीचा दीर, कुणाच्या ऑफिसातला सहकारी. "जुलैत येतोय, मुलगी दुसरीत आहे, कुठे राहू?" आणि लगेच पुढचा प्रश्न, "अमुक गावातली शाळा दहापैकी नऊ आहे म्हणे, मग तिथेच घर घेऊन टाकू का?" गेली बारा-तेरा वर्षं मी याचं उत्तर तुकड्या-तुकड्यांत देते आहे. आता एकदा सगळं सलग लिहून काढते.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. पुण्या-मुंबईत 'पब्लिक स्कूल' अशी पाटी दिसली की ती फी घेणारी खाजगी शाळा असते. अमेरिकेत पब्लिक स्कूल म्हणजे खरोखरची सरकारी शाळा, आपल्या महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेसारखी. किंडरगार्टन (पहिलीच्या आधीचं वर्ष) ते बारावी शिक्षण मोफत. आईवडिलांचा व्हिसा कोणता, हा प्रश्न प्रवेशाच्या आड येत नाही. कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही मोफत शाळा नाकारता येणार नाही, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच दिला आहे. प्रवेशासाठी रांग नाही, देणगी नाही, मुलाखत नाही. शाळा ठरते ती तुमच्या पत्त्यावरून. म्हणून घर शोधणं आणि शाळा शोधणं ही एकच गोष्ट होऊन बसते.

पायरी पहिली: पत्ता आणि शाळा यांची गाठ स्वतः तपासा

आमची पहिली चूक इथेच झाली. घराच्या जाहिरातीत एका एलिमेंटरी शाळेचं नाव होतं, ते वाचून आम्ही वर्षाची लीज सही केली. मग फाइल घेऊन नाव घालायला गेलो. काउंटरवरच्या बाईंनी नकाशा उघडला, आमच्या रस्त्यावर पेन्सिल ठेवली आणि म्हणाल्या, "विषम नंबर या शाळेत, सम नंबर त्या शाळेत." आमचा नंबर सम होता. हद्द दोन वर्षांपूर्वीच बदलली होती आणि जाहिरातीत जुनंच नाव राहिलं होतं. जाहिरातदाराला काही फरक पडला नाही. आम्हाला मात्र मुलीला आठवडाभर रंगवून सांगितलेली शाळा विसरायला लावावी लागली.

तेव्हा क्रम असा ठेवा. गाव आवडलं की त्या स्कूल डिस्ट्रिक्टची वेबसाइट उघडा. डिस्ट्रिक्ट म्हणजे त्या भागातल्या शाळा चालवणारी स्वतंत्र संस्था. तिचं, बहुतेक ठिकाणी निवडून आलेलं, शिक्षण मंडळ असतं, तिचं स्वतःचं बजेट असतं. बहुतेक वेबसाइटांवर पत्ता टाकून शाळा शोधायची सोय असते. तरी तेवढ्यावर थांबू नका. डिस्ट्रिक्टच्या रजिस्ट्रारला फोन करून घराचा नंबर, रस्ता, अपार्टमेंट नंबर सगळं सांगा आणि विचारा, "पुढच्या वर्षी या पत्त्याला कोणती शाळा आहे? हद्द बदलायचा काही विचार चाललाय का?" उन्हाळ्यात न्यू जर्सीत सकाळचे नऊ वाजतात तेव्हा भारतात संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात, त्यामुळे हा फोन भारतातूनही सहज होतो. उत्तर ईमेलवर मागून घ्या.

गावाच्या नावावर विसंबू नका, हेही इथेच सांगते. टपालाचा पत्ता आणि डिस्ट्रिक्टची हद्द यांचं जमतंच असं नाही. आमच्या भागात वेस्ट विंडसर, प्लेन्सबरो, साउथ ब्रन्सविक इथल्या कितीतरी घरांच्या पत्त्यात 'प्रिन्स्टन' असतं, पण ती मुलं प्रिन्स्टनच्या शाळेत जात नाहीत. कॅलिफोर्नियात तर गंमतच आहे. फ्रीमाँट युनियन हायस्कूल डिस्ट्रिक्ट फ्रीमाँट शहरात नाहीच. ते कूपर्टिनो-सनीव्हेल भागातल्या हायस्कुलांचं डिस्ट्रिक्ट आहे. फ्रीमाँट शहराचं डिस्ट्रिक्ट फ्रीमाँट युनिफाइड. कूपर्टिनोत आठवीपर्यंतचं डिस्ट्रिक्ट वेगळं आणि हायस्कूलचं वेगळं, आणि त्या आठवीपर्यंतच्या डिस्ट्रिक्टमध्ये सॅन होजे पत्त्याची घरंही येतात. नावावरून घर पक्कं करणारा माणूस तिथे हमखास फसतो.

पायरी दुसरी: तो आकडा नेमकं काय सांगतो ते समजून घ्या

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे, म्हणून इथे जरा थांबते.

घर शोधायच्या साइटवर प्रत्येक घराखाली शाळांना एक ते दहा गुण दिसतात. ते बहुधा ग्रेटस्कूल्स या संस्थेचे असतात. निश नावाची साइट ए प्लस, ए, बी अशी श्रेणी देते. हे गुण मुख्यतः राज्याच्या परीक्षांवरून येतात. केंद्राच्या २०१५ च्या कायद्यानुसार प्रत्येक राज्याला तिसरी ते आठवी दर वर्षी आणि हायस्कुलात एकदा वाचन व गणिताची परीक्षा घ्यावीच लागते. ग्रेटस्कूल्स आता, जिथे आकडे मिळतात तिथे, मुलांची वर्षभरातली प्रगतीही धरते. पण शेवटी सगळं एका आकड्यात कालवलेलं असतं, आणि आपण तो आकडा प्रगतिपुस्तकासारखा वाचतो.

परीक्षेच्या सरासरी गुणांवर सगळ्यात मोठी छाप असते घरच्या परिस्थितीची. आईवडील शिकलेले, घरात पुस्तकं, पोटभर नाश्ता, शनिवारी गणिताचा क्लास, या सगळ्यासकट मूल शाळेच्या दारात येतं. अशा घरांचं गाव असलं की शाळेने फार काही न करताही गुण चांगले दिसतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या शॉन रिअर्डन यांच्या चमूने देशभरच्या डिस्ट्रिक्टांचे निकाल एका मापावर आणून पाहिले. सरासरी गुण आणि लोकांची सांपत्तिक स्थिती यांचं नातं अगदी घट्ट निघालं. मूल एका इयत्तेतून पुढच्या इयत्तेत जाताना किती शिकतं, याचं मात्र श्रीमंतीशी नातं खूपच सैल निघालं. त्यातलं शिकागोचं उदाहरण मी सगळ्यांना सांगते: २००९ ते २०१४ या काळात तिथल्या मुलांचे सरासरी गुण देशाच्या मानाने कमी होते, पण तिसरी ते आठवी या पाच वर्षांत ती मुलं सहा वर्षांइतकं शिकली. एक ते दहाच्या पट्टीवर हे कुठे दिसणार?

मग बघायचं काय? त्याच २०१५ च्या कायद्याने प्रत्येक राज्याला प्रत्येक शाळेचं रिपोर्ट कार्ड प्रसिद्ध करणं बंधनकारक केलं आहे. न्यू जर्सीत त्याला स्कूल परफॉर्मन्स रिपोर्ट म्हणतात, कॅलिफोर्नियात स्कूल डॅशबोर्ड. टेक्ससमध्ये ए ते एफ श्रेणी असते, पण त्या श्रेणीखालचा तपशील उघडून वाचा. एक संध्याकाळ काढा, चहा घेऊन बसा, दोन शाळांचे रिपोर्ट शेजारी-शेजारी उघडा. माझी नजर चार ठिकाणी जाते.

पहिली जागा प्रगतीची. न्यू जर्सीच्या रिपोर्टात 'स्टुडंट ग्रोथ' असा भाग असतो. तिथे प्रत्येक मुलाची तुलना आधी तेवढेच गुण मिळालेल्या राज्यातल्या इतर मुलांशी होते. ५० च्या आसपासचा आकडा म्हणजे साधारण प्रगती, ६० च्या वर गेला तर शाळेत काहीतरी चांगलं चाललं आहे. गुण मोठे पण हा आकडा चाळिशीच्या खाली, अशी शाळा दिसली की मी सावध होते. आमची मुलगी नंतर ज्या शाळेत गेली तिला साइटवर सहा होते आणि प्रगती पासष्टच्या आसपास. आधीच्या, साइटवर नऊ असलेल्या शाळेपेक्षा कितीतरी वर. ते सहा पाहून आमच्या ओळखीच्यांनी तोंडं वाकडी केली होती. तिथेच तिला गणित आवडायला लागलं.

दुसरी जागा गैरहजेरीची. वर्षातले १० टक्के किंवा जास्त दिवस गैरहजर राहणाऱ्या मुलांचं प्रमाण तिथे दिलेलं असतं. वर्ष १८० दिवसांचं धरलं तर १८ दिवस. हे प्रमाण शेजारच्या शाळांपेक्षा खूप जास्त असेल तर का ते विचारा, कारण मुलं कुठे यायला टाळतात ते मुलांनाच कळतं.

तिसरी, गटांनुसार निकाल. नव्याने इंग्रजी शिकणारी मुलं, विशेष शिक्षण घेणारी मुलं, कमी उत्पन्नाच्या घरातली मुलं, यांचे आकडे वेगळे दिलेले असतात. तुमचं मूल ज्या गटात बसेल त्याचा आकडा शाळेच्या एकूण सरासरीपेक्षा तुमच्या जास्त कामाचा.

चौथी, शिक्षक. विद्यार्थी-शिक्षक प्रमाण बारास एक असं वाचून वर्गात बारा मुलं असतील असं समजू नका. त्या हिशेबात वाचनतज्ज्ञ, विशेष शिक्षक, संगीताचे शिक्षक सगळे धरलेले असतात. वर्गात प्रत्यक्षात बावीस-चोवीस मुलं सापडतील. शाळेलाच सरळ विचारा.

आणि 'टायटल वन' हा शिक्का पाहून घाबरून पुढे जाऊ नका. कमी उत्पन्नाच्या घरातली मुलं जिथे जास्त, तिथे केंद्राकडून मिळणाऱ्या जादा निधीचं ते नाव आहे. त्या पैशातून कित्येकदा वाचनाच्या जादा शिक्षिका नेमलेल्या असतात.

एजंटला "शाळा चांगली आहे का हो?" विचारलंत तर तो बहुधा टाळेल. त्याचा राग धरू नका. घर दाखवताना लोकांना वंशावरून किंवा धर्मावरून ठरावीक वस्तीकडे वळवायला १९६८ च्या कायद्याने बंदी आहे, आणि शाळा-वस्तीबद्दलची मतं त्या वाटेवर जाऊ शकतात, म्हणून ते जपून बोलतात. अभ्यास आपणच करायचा.

पायरी तिसरी: आपल्या मुलाकडे बघा

आधी वय. किंडरगार्टनला पाच वर्षं कोणत्या तारखेला पुरी हवीत हे जागोजागी वेगळं आहे. कॅलिफोर्निया आणि टेक्ससमध्ये १ सप्टेंबर. न्यूयॉर्क शहरात त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत पाच पुरी झाली तरी चालतात. न्यू जर्सीत डिस्ट्रिक्ट ठरवतं, सहसा १ ऑक्टोबर. ऑक्टोबर-नोव्हेंबरात जन्मलेल्या मुलाच्या आईवडिलांनी ही तारीख घराच्याही आधी बघावी, नाहीतर एक वर्ष डेकेअरचा भुर्दंड पडतो. कॅलिफोर्नियात २०२५-२६ पासून चार वर्षांच्या सगळ्या मुलांसाठी ट्रान्झिशनल किंडरगार्टन, म्हणजे किंडरगार्टनच्या आधीचं वर्ष, मोफत झालं आहे, तिथे जाणाऱ्यांनी त्याची चौकशी जरूर करावी.

मग भाषा. नाव घालताना एक फॉर्म येतो: घरात कोणती भाषा बोलता? आपले बरेच लोक घाबरून 'इंग्रजी' लिहितात, मुलाला मागे टाकतील म्हणून. कृपा करून खरं लिहा. मराठी लिहिलंत की मुलाची एक छोटी चाचणी होते, न्यू जर्सीसह अनेक राज्यांत ती विडा नावाची असते. गरज निघाली तर ईएसएलची, म्हणजे इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकवणारी, शिक्षिका मिळते आणि ती मदत मोफत असते. इंग्रजी माध्यमातून आलेलं मूलही पहिले दोन-तीन महिने इथल्या उच्चारांनी गांगरतं. आमची मुलगी पहिल्या महिन्यात वर्गात एक शब्द बोलली नव्हती. तिची ईएसएलची शिक्षिका रोज वीस मिनिटं तिच्याशेजारी जमिनीवर बसून चित्रांचं पुस्तक वाचायची, एवढंच. दिवाळीच्या सुमारास मुलीने पहिल्यांदा हात वर केला. म्हणून शाळा निवडताना विचारा: ईएसएलची शिक्षिका या शाळेत रोज असते, की आठवड्यातून दोनदा दुसऱ्या शाळेतून येते?

मुलाला बोलण्यात, शिकण्यात, वागण्यात काही अडचण असेल तर ती लपवू नका. तीन ते एकवीस वर्षांपर्यंतच्या मुलांना गरजेप्रमाणे विशेष शिक्षण मोफत देणं डिस्ट्रिक्टवर कायद्याने बंधनकारक आहे. भारतातले सगळे रिपोर्ट इंग्रजीत घेऊन या आणि मूल्यमापनाची मागणी लेखी करा. तोंडी मागणी हवेत विरते. लेखी मागणीवर तारीख पडते आणि मुदत मोजता येते. त्यातून जो आयईपी तयार होतो, तो त्या मुलाचा शिकण्याचा लेखी आराखडा असतो.

हुशार मुलाच्या पालकांनाही एक सांगायचं आहे. आपली माणसं जिथे दाटीने राहतात तिथल्या काही शाळांत स्पर्धा फार तीव्र असते. आमच्या शेजारच्या वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो डिस्ट्रिक्टमध्ये २०१५ मध्ये मुलांवरच्या ताणाबद्दल अधीक्षकांनी पालकांना पत्र लिहिलं, हायस्कुलातल्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा बंद केल्या, काही रात्री गृहपाठाला सुट्टी दिली. पालकांत त्यावरून दोन तट पडले. ती शाळा वाईट आहे असं मी मुळीच म्हणत नाही. पण दहापैकी दहाच्या गावात आपलं मूल किती ताण घेईल हे आपल्यालाच ठाऊक असतं. शांतपणे, उशिरा फुलणारं मूल असेल तर पुन्हा एकदा विचार करा.

पायरी चौथी: खर्चाचा हिशेब पूर्ण मांडा

शाळा मोफत असली तरी तिची किंमत भाड्यात येते. शाळांना पैसा मुख्यतः राज्याकडून आणि स्थानिक मालमत्ता करातून मिळतो. न्यू जर्सीत घरामागे सरासरी मालमत्ता कर वर्षाला १० हजार डॉलरच्या घरात आहे, देशात सगळ्यात जास्त, आणि घरमालक तो भाड्यातूनच वसूल करतो. शाळेच्या दोन गुणांसाठी महिन्याला ४०० डॉलर जास्त मोजणार असाल तर ते वर्षाचे ४,८०० झाले. त्या पैशात मुलाचा पोहण्याचा क्लास, समर कॅम्प आणि भारताचं एक तिकीट बसतं का, ते मांडून बघा.

शाळा साधारण तीनच्या सुमारास सुटते. दोघंही नोकरी करणार असाल तर आफ्टरकेअरची जागा आहे का हे शाळेआधी विचारा. बऱ्याच ठिकाणी प्रतीक्षायादी असते. बसचंही तसंच. न्यू जर्सीत आठवीपर्यंतच्या मुलांना शाळा दोन मैलांपेक्षा लांब असेल तर, आणि हायस्कूलला अडीच मैलांपेक्षा लांब असेल तरच बसचा कायदेशीर हक्क आहे. पावणेदोन मैलांवर घर, एकच गाडी आणि जानेवारीतला बर्फ, हे गणित आधी सोडवा.

मित्राचा पत्ता दाखवून चांगल्या शाळेत नाव घालायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. डिस्ट्रिक्ट रहिवासाची चौकशी करतं. खोटं निघालं तर मूल वर्षाच्या मध्यात शाळेतून काढलं जातं, आणि गेलेल्या दिवसांची फी भरावी लागू शकते.

पायरी पाचवी: शाळा सुटताना तिथे उभे राहा

शक्य असेल तर मे-जूनमध्येच एक चक्कर मारा. न्यू जर्सीत शाळा जूनच्या उत्तरार्धात बंद होतात. आत सोडलं नाही तरी हरकत नाही. सुटायच्या वेळी समोरच्या फुटपाथवर पंधरा मिनिटं थांबा. शिक्षक मुलांना नावाने हाक मारतात का? बस चुकलेल्या, रडणाऱ्या मुलाशी कुणी वाकून बोलतं का? घ्यायला आलेल्या आजी-आजोबांशी बोला, ते सगळं खरं सांगतात. साडी नेसलेली आजी दिसली तर मराठीत सुरुवात करून बघायला काय हरकत आहे? माझी इथली सगळ्यात जवळची मैत्रीण अशाच एका आजींची सून आहे.

ऑफिसला विचारायचा माझा आवडता प्रश्न: "वर्षाच्या मध्ये नवीन मूल आलं तर पहिल्या आठवड्यात तुम्ही काय करता?" चांगल्या शाळेत याचं उत्तर तयार असतं. सोबतीला एक मूल जोडून देतो, जेवणाच्या वेळी एकटं बसू देत नाही, शुक्रवारी समुपदेशक भेटतात. "शिक्षक बघून घेतील" एवढंच उत्तर आलं तर मी पुढची शाळा बघते. शिक्षण मंडळाच्या बैठकाही खुल्या असतात आणि बऱ्याच डिस्ट्रिक्टांत त्यांचं चित्रीकरण ऑनलाइन मिळतं. भारतात बसून दोन बैठका बघितल्यात तरी शिक्षककपात, हद्दबदल, शाळा बंद करायची चर्चा, सगळं कानावर पडतं.

पायरी सहावी: निघण्याआधी लसींची फाइल

जन्मदाखला (मुलाचं नाव असलेला, इंग्रजीत), पासपोर्ट, आधीच्या शाळेची प्रगतिपुस्तकं आणि लीविंग सर्टिफिकेट, इथली लीज आणि वीज-गॅसचं बिल. हे सगळ्यांना ठाऊक असतं. अडकतं ते लसींवर.

इथे गोवराच्या लसीचा पहिला डोस पहिल्या वाढदिवसानंतरचाच धरतात. भारतात नवव्या महिन्यात दिलेला डोस मोजला जात नाही. सरकारी कार्यक्रमात गोवर-रुबेला मिळते, गालगुंडाची लस त्यात नसते. इथे तिन्ही हव्यात. कांजिण्यांची लस भारताच्या सरकारी वेळापत्रकात नाही, इथे ती मागतात. म्हणून तिकीट काढल्याबरोबर आपल्या बालरोगतज्ज्ञांकडे जा, त्या राज्याच्या शाळेच्या लसींची यादी दाखवा, राहिलेले डोस तिथेच घ्या आणि तारखांसकट सही-शिक्क्याचं इंग्रजी पत्र घ्या. अनेक ठिकाणी भारतातून आलेल्या मुलाची टीबीची तपासणीही मागतात. आपल्या मुलांना जन्मतःच बीसीजी दिलेली असते, त्यामुळे हातावर टोचून करायची चाचणी उगाचच पॉझिटिव्ह येऊ शकते, मग छातीचा एक्स-रे आणि धावपळ. रक्ताच्या चाचणीवर, जिला इग्रा म्हणतात, बीसीजीचा परिणाम होत नाही. डॉक्टरांकडे तीच मागा.

आणि पहिल्या वर्षी घर भाड्यानेच घ्या, कितीही पसंत पडलं तरी. लीज जूनअखेर संपेल अशी करता आली तर करा, पहिली लीज अकरा महिन्यांची किंवा चौदा महिन्यांची झाली तरी चालेल. म्हणजे शाळा मनासारखी नाही निघाली तर मुलाचं वर्ष न तोडता, सुट्टीत बिऱ्हाड हलवता येतं.